‘गो अराउंड’ची न ऐकलेली हाक : मंगळूर विमान दुर्घटना आणि तिची कारणे

२२ मे २०१० रोजी सकाळी ६ वाजून ५ मिनिटांच्या सुमारास दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७-८०० हे विमान मंगळूरच्या बजपे विमानतळावर उतरताना धावपट्टी ओलांडून पलीकडच्या दरीत कोसळले आणि पेटले. विमानात १६० प्रवासी व ६ कर्मचारी असे एकूण १६६ जण होते. त्यांपैकी १५८ जणांचा मृत्यू झाला. वाचलेले आठही जण प्रवासी होते. विमानाच्या दुभंगलेल्या सांगाड्यातून आग पसरण्याआधी बाहेर पडता आले, एवढेच त्यांचे नशीब. मृतांमध्ये कर्नाटकाच्या किनारपट्टीवरील आणि शेजारच्या कासरगोड परिसरातील, आखाती देशांत नोकरीधंद्यासाठी राहणाऱ्या कुटुंबांचा भरणा मोठा होता.

त्या सकाळी वारा शांत होता, दृश्यता सहा किलोमीटर होती, इंजिने सुरळीत चालू होती. मुख्य वैमानिकाच्या गाठीशी दहा हजारांहून अधिक तासांच्या उड्डाणाचा अनुभव होता. सहवैमानिक तर मंगळूरला साठाहून अधिक वेळा येऊन गेलेला होता. अशा परिस्थितीत एक धडधाकट विमान दरीत का जावे, हा प्रश्न साहजिकच होता आणि पहिल्या काही दिवसांत त्याची घाईघाईने दिलेली उत्तरेही तशीच साहजिक होती. टायर फुटला असावा, डोंगरमाथ्यावरची धावपट्टीच धोकादायक आहे, परदेशी वैमानिकांना आपल्या विमानतळांची माहिती नसते, अशी ही उत्तरे. चौकशीतून जे बाहेर आले ते यांपैकी कशाशीच पुरते जुळणारे नव्हते.

सड्यावरची धावपट्टी

कोकणातला सडा ज्याने पाहिला आहे त्याला बजपेची जागा डोळ्यांसमोर आणणे अवघड नाही. जांभ्या दगडाचा सपाट माथा आणि त्याच्या कडेला एकदम खाली उतरणाऱ्या दऱ्या. मेजाच्या पृष्ठभागासारख्या अशा उंच सपाटीवर बांधलेल्या धावपट्टीला ‘टेबलटॉप’ म्हणतात. मंगळूरखेरीज केरळातील कोळिकोड आणि मिझोराममधील लेंगपुई ही अशा विमानतळांची देशातील ठळक उदाहरणे. मंगळूरची जुनी धावपट्टी जेमतेम सोळाशे मीटरची होती. २००६ मध्ये २,४५० मीटर लांबीची, म्हणजे सुमारे ८,०३३ फुटांची नवी धावपट्टी सुरू झाली. दुर्घटनाग्रस्त विमान याच धावपट्टीवर उतरत होते.

बोइंग ७३७-८०० ला उतरण्यासाठी ही लांबी अपुरी नाही; रोजच्या रोज अनेक विमाने तेथे निर्धोकपणे उतरत होती. टेबलटॉप धावपट्टीचे वैशिष्ट्य वेगळेच आहे. सपाट प्रदेशातील विमानतळावर विमान धावपट्टीपलीकडे गेले तर ते चिखलात रुतते, चाके तुटतात, प्रवाशांना दुखापती होतात. सड्यावर मात्र धावपट्टीनंतर थोडीशी मोकळी जागा आणि मग खोल उतार. चूक तीच, शिक्षा मात्र शतपट. म्हणूनच मंगळूर हे ‘क्रिटिकल’ विमानतळांमध्ये गणले जाई आणि तेथे उड्डाण व अवतरण मुख्य वैमानिकानेच करावे, सहवैमानिकाने नव्हे, असा नियम होता. या नियमाची आठवण पुढे ठेवावी लागेल.

झोपेतली रात्र

वैमानिकांची ही जोडी आदल्या रात्रीच मंगळूरहून दुबईला गेली होती आणि तेच विमान घेऊन पहाटे परतत होती. मुख्य वैमानिक झ्लाट्को ग्लुसिका हे मूळचे सर्बियाचे आणि ब्रिटिश नागरिक, सहवैमानिक एच. एस. अहलुवालिया. भारतीय वेळेनुसार रात्री अडीचच्या सुमारास दुबई सोडलेले विमान ३७ हजार फुटांवरून अरबी समुद्र ओलांडत होते.

वैमानिककक्षातील संभाषण टिपणारा ध्वनिमुद्रक, कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डर, अखेरच्या दोन तासांचे आवाज साठवून ठेवतो. ढिगाऱ्यातून मिळालेल्या या यंत्रात २ तास ५ मिनिटांचे मुद्रण होते. त्यातील पहिली सुमारे १ तास ४० मिनिटे दोघा वैमानिकांमध्ये संभाषणच नाही. नियंत्रण कक्षाशी सहवैमानिक बोलत आहे आणि पार्श्वभूमीला मुख्य वैमानिकाचा जड श्वासोच्छ्वास व घोरणे ऐकू येत आहे. विमान कोसळण्याच्या साधारण पंचवीस मिनिटे आधी ते जागे झाले.

लांब पल्ल्याच्या रात्रीच्या उड्डाणात वैमानिकाला डुलकी लागणे ही काही ऐकून दचकण्याजोगी गोष्ट नाही. उलट, अमेरिकेच्या नासा संस्थेने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चाळीस मिनिटांची नियंत्रित विश्रांती आणि त्यात मिळालेली सरासरी सव्वीस मिनिटांची झोप वैमानिकाला अधिक सतर्क करते, असे आढळले होते. काही देशांत अशा विश्रांतीला नियमांच्या चौकटीत मान्यताही आहे. मात्र तिची मुख्य अट हीच की ती थोडकी असावी आणि विमान खाली उतरवण्यास सुरुवात होण्याच्या बरीच आधी संपावी. गाढ झोपेतून उठलेल्या माणसाचा मेंदू लगेच जागा होत नाही. काही काळ निर्णयशक्ती मंदावलेली असते, समोर दिसणारी वस्तुस्थिती उमगायला वेळ लागतो आणि आधी मनात धरलेला बेत सोडवत नाही. वैद्यकीय परिभाषेत याला निद्राजडत्व म्हणता येईल. त्यात पहाटेचा प्रहर. मध्यरात्रीनंतर सकाळी सहापर्यंतचा काळ शरीराच्या घड्याळाचा सर्वांत मंद काळ असतो. दीड तासाहून अधिक झोप, पहाटेची वेळ आणि जाग आल्यावर काही मिनिटांतच सुरू झालेले अवतरण, असा हा योग जुळला होता.

याच सुमारास आणखी एक अडचण उभी राहिली. मंगळूरचे रडार दोनच दिवसांपूर्वी, २० मे रोजी बंद पडले होते. रडार नसले की नियंत्रकाला पडद्यावर विमाने दिसत नाहीत. वैमानिकांनी कळवलेल्या स्थानांवरून हिशेब करून दोन विमानांमध्ये अंतर राखावे लागते. साहजिकच सावधगिरी वाढते. सहवैमानिकाने बऱ्याच आधी खाली येण्याची परवानगी मागितली होती; ती मिळाली नाही. प्रत्यक्ष उतार सुरू झाला तेव्हा विमान मंगळूरपासून फक्त ७७ सागरी मैलांवर होते. दर हजार फूट उंची उतरण्यास साधारण तीन सागरी मैल लागतात, असा वैमानिकांचा ढोबळ आडाखा आहे. त्या हिशेबाने ३७ हजार फुटांवरून येण्यास ११० मैलांहून अधिक अंतर हवे होते. म्हणजे विमान प्रारंभापासूनच उंच राहणार, हे उघड होते.

हे संकट मुळीच नव्हते. उशिरा मिळालेली परवानगी ही वैमानिकांच्या रोजच्या अनुभवातली बाब आहे. अशा वेळी एखादे वर्तुळ घेऊन उंची कमी करता येते, मार्ग लांबवता येतो. येथे मात्र तसे काही ठरवलेच गेले नाही. अवतरणापूर्वी दोघा वैमानिकांनी मार्ग, उंची आणि अडचण आल्यास करावयाची कृती यांची जी उजळणी करायची असते तीही नीट झाली नाही. हवेतील अवरोधक पट्ट्या उघडून, चाके वेळेआधीच खाली सोडून विमान खाली आणण्याचा प्रयत्न चालू राहिला.

अखेरचे दोन मैल

धावपट्टीकडे येणारे विमान क्षितिजाशी तीन अंशांचा कोन करणाऱ्या एका अदृश्य उतारावरून यावे, अशी जगभरची पद्धत आहे. विमानतळावरील आयएलएस ही यंत्रणा रेडिओलहरींनी हा उतार दाखवते. मात्र या लहरींची एक खोड आहे. खऱ्या उताराच्या वर, दुप्पट वा त्याहून अधिक कोनात, फसवे उतारही उमटतात. बरेच उंच असलेले विमान अशा फसव्या लहरीत सापडले तर कक्षातील काटे सारे काही आलबेल असल्याचे दाखवतात. मंगळूरला येताना विमान असायला हवे त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर होते. आपण योग्य उतारावर आहोत, असा मुख्य वैमानिकाचा समज होण्यामागे हेच कारण असावे.

खिडकीतून धावपट्टी दिसली तेव्हा ती समोर नव्हती, जवळपास पायाखाली होती. ‘फारच उंच आहोत’, हे सहवैमानिकाने बोलून दाखवले. मुख्य वैमानिकालाही ते उमगले. त्याने स्वयंचलित नियंत्रण तोडले आणि विमानाचे नाक खाली केले. नेहमी मिनिटाला सातशे-आठशे फूट वेगाने उतरणारे विमान आता मिनिटाला चार हजार फुटांच्या आसपास वेगाने खाली झेपावू लागले. जमीन जवळ आल्याचे सांगणारी धोकासूचक यंत्रणा ‘सिंक रेट’, ‘पुल अप’ असे ओरडू लागली. याच क्षणांत सहवैमानिकाने पहिल्यांदा ‘गो अराउंड’ म्हटले.

‘गो अराउंड’ या दोन शब्दांचा अर्थ एवढाच की हे अवतरण सोडून द्या, इंजिनांना पूर्ण जोर द्या, वर चढा, फेरी मारून पुन्हा या. पावसाळ्यात मुंबईला येणाऱ्या प्रवाशांनी हा अनुभव घेतलेला असतो. जमीन हाताशी आल्यासारखी वाटत असताना विमान गर्जना करीत पुन्हा ढगांत शिरते, कोणी देवाचे नाव घेते, कोणी उशीर झाल्याबद्दल चडफडते. खरे तर ती विमानशास्त्रातील सर्वांत साधी आणि सुरक्षित युक्ती आहे. तिला फार तर दहा-पंधरा मिनिटे आणि काही इंधन लागते.

मुख्य वैमानिकाने ती केली नाही. आयएलएसच्या उताराबद्दल काहीतरी चुकले असल्याचे तो पुटपुटत राहिला. सहवैमानिकाने पुन्हा म्हटले, अवतरण स्थिर नसल्याचेही सांगितले. त्याच वेळी खालून नियंत्रकाने विमान योग्य मार्गावर स्थिर आहे ना, अशी विचारणा केली. होकार दे, असे मुख्य वैमानिकाने सहवैमानिकाला बजावले आणि ज्याला हे अवतरण नको होते त्याच माणसाने नियंत्रकाला होकार कळवला. उतरण्याची परवानगी मिळाली. या संपूर्ण दुर्घटनेत याहून बोलका क्षण दुसरा नाही.

धावपट्टीच्या आरंभावरून विमान पन्नास फुटांवरून जायला हवे; ते सुमारे दोनशे फुटांवरून गेले. वेग १४४ नॉट्स हवा होता. तो १६० नॉट्स, म्हणजे ताशी जवळपास तीनशे किलोमीटर होता. अधिक उंची आणि अधिक वेग यांमुळे विमान तरंगत पुढे गेले. आरंभापासून सुमारे ५,२०० फुटांवर त्याची चाके टेकली, तेव्हा समोर २,८०० फूट धावपट्टी उरली होती.

आणि तरीही हे विमान वाचू शकले असते. टेकल्यानंतर पूर्ण ताकदीने ब्रेक लावले असते आणि इंजिनांचा उलटा झोत कायम ठेवला असता, तर ते धावपट्टीच्या आरंभापासून ७,६०० फुटांच्या आत थांबले असते, असा हिशेब चौकशीत मांडला गेला. पहिल्या क्षणी मुख्य वैमानिकाने उलटा झोत सुरूही केला होता. परंतु अवघ्या सहा सेकंदांत त्याने मन बदलले आणि पुन्हा उड्डाण करण्यासाठी इंजिनांना जोर दिला. उलटा झोत एकदा सुरू केल्यावर पुन्हा वर चढण्याचा प्रयत्न करू नये, हा बोइंगचा स्पष्ट नियम आहे, कारण तेव्हा ना थांबण्यास धावपट्टी उरते, ना उडण्यास वेग. धावपट्टीच उरलेली नाही, हे सांगणारा सहवैमानिकाचा आवाज ध्वनिमुद्रकावर आहे. जी कृती दोन मैल आधी करायला हवी होती ती अखेर केली गेली, ती जेव्हा ती करणे सर्वाधिक घातक होते तेव्हा.

विमान धावपट्टी, तिच्यापुढची पट्टी आणि विमाने रोखण्यासाठी पसरलेला वाळूचा थर ओलांडून गेले. आयएलएसचा अँटेना ज्या काँक्रीटच्या चौथऱ्यावर उभा होता त्याला उजवा पंख धडकला आणि विमान दरीत गेले. विमानाच्या मार्गात येऊ शकणारी उपकरणे सहज मोडून पडणाऱ्या आधारांवर उभी असावीत, हा संकेत येथे पाळला गेला नव्हता. वाळूच्या थराचेही तसेच. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर १९९९ मध्ये एक प्रवासी विमान धावपट्टीपलीकडे गेले होते. तेथे चाकांच्या भाराने चुरगळणाऱ्या हलक्या काँक्रीटच्या थराने त्याला धरून ठेवले. ताशी शंभर-दीडशे किलोमीटर वेगाने येणाऱ्या विमानाला वाळू तितक्या खात्रीने थोपवत नाही.

गोखले समितीचा अहवाल

केंद्र सरकारने हवाई दलाचे माजी उपप्रमुख, निवृत्तीनंतर पुण्यात स्थायिक झालेले एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी न्यायालय नेमले. त्याच वर्षाच्या अखेरीस अहवाल सादर झाला. अस्थिर अवतरण सोडून देण्यात मुख्य वैमानिकाला आलेले अपयश आणि सहवैमानिकाने तीन वेळा ‘गो अराउंड’ म्हणूनही, यंत्राने पुनःपुन्हा इशारे देऊनही, उतरण्याचा त्याने धरलेला हट्ट, हे अहवालाने दुर्घटनेचे थेट कारण म्हणून नोंदवले. दीर्घ झोप आणि बंद रडारमुळे उशिरा सुरू झालेला उतार ही दोन साहाय्यभूत कारणे ठरली. मात्र रडारचा उल्लेख करतानाच, उताराचे नियोजन वैमानिकांनीच नीट केले नाही, असेही अहवालाने बजावले.

तिसरे साहाय्यभूत कारण सर्वाधिक विचार करायला लावणारे आहे. सहवैमानिकाने अवतरण सोडण्यास सांगितले, पण नियंत्रण स्वतःच्या हाती घेतले नाही. आणि त्याने ते का घेतले नाही याचे बहुधा उत्तर असे की त्याला तसा अधिकार केव्हा पोहोचतो याविषयी नियमांतच संदिग्धता होती. मंगळूरला उड्डाण व अवतरण मुख्य वैमानिकानेच करावे, हा नियम येथे आठवावा. अवतरण करायचे नाही, एवढे सहवैमानिकाला स्वच्छ ठाऊक होते. चुकीचे अवतरण थांबवायचे की नाही, हे मात्र तितके स्वच्छ नव्हते.

कागदावर या प्रश्नाचे उत्तर सोपे वाटते. दोन वेळा सूचना देऊनही विमान चालवणारा वैमानिक योग्य प्रतिसाद देत नसेल, तर तो असमर्थ झाला आहे असे समजून दुसऱ्याने नियंत्रण घ्यावे, अशी पद्धत अनेक विमान कंपन्यांत शिकवली जाते. प्रत्यक्षात सहवैमानिकापुढे असलेला प्रसंग पाहावा. ज्येष्ठ सहकारी जागा आहे, हालचाल करतो आहे, आज्ञाही देतो आहे. बेशुद्ध पडलेला नाही. जमीन काही सेकंदांवर आली आहे. अशा वेळी त्याच्या हातून सुकाणू ओढून घ्यायचे, तर दोघांचे हात उलटसुलट जोर लावण्याचा धोका स्वतंत्रच. आणि तो निर्णय बरोबर ठरला, विमान सुखरूप वर चढले, तर दुसऱ्या दिवशी चौकशीला उत्तर द्यायचे ते सहवैमानिकाने, कारण न झालेला अपघात सिद्ध करता येत नाही.

ज्येष्ठाच्या चुकीपुढे कनिष्ठाने गप्प राहण्याची किंमत विमानसेवेने अनेकदा मोजली आहे. १९७७ मध्ये टेनेरिफ बेटावर दोन जंबो विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन ५८३ जण मरण पावले. उड्डाणाची घाई झालेल्या डच मुख्य वैमानिकाला फ्लाइट इंजिनिअरने धावपट्टी रिकामी झाली आहे का, अशी शंका विचारली होती. ती झटकून टाकली गेली. त्यानंतर १९७९ मध्ये नासाने भरवलेल्या कार्यशाळेतून कॉकपिट रिसोर्स मॅनेजमेंट ही प्रशिक्षणाची शाखा उदयाला आली. कनिष्ठाने कसे बोलावे आणि ज्येष्ठाने कसे ऐकावे, हेच तिच्यात शिकवतात. पुढे १९९७ मध्ये कोरियन एअरचे विमान गुआमला उतरताना टेकडीवर आदळून २२८ जण मृत्युमुखी पडले. तेथेही कनिष्ठांनी मुख्य वैमानिकाला वेळीच आणि ठामपणे अडवले नव्हते. मंगळूरच्या सहवैमानिकाने त्यांच्यापेक्षा अधिक केले. तो बोलला, आणि वेळेत बोलला. त्याच्या बोलण्यावर विमान वळावे अशी व्यवस्था मात्र नव्हती.

मुख्य वैमानिकाच्या हट्टाला केवळ स्वभावदोष समजून चालणार नाही, असे आकडे सांगतात. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अभ्यासानुसार, अस्थिर अवस्थेत धावपट्टीकडे आलेल्या विमानांपैकी केवळ तीन टक्क्यांच्या आसपास विमाने नियमाप्रमाणे वर चढतात. उरलेली सत्याण्णव टक्के तशीच उतरतात. बहुतेकदा ती सुखरूप उतरतात, आणि तेच घातक आहे. प्रत्येक यशस्वी नियमभंग पुढच्या नियमभंगाचे धाडस वाढवतो. शिवाय ‘गो अराउंड’ केल्यास इंधन जळते, वेळापत्रक कोलमडते, वरिष्ठांना खुलासा द्यावा लागतो. आणि आपल्याला पहिल्या प्रयत्नात उतरता आले नाही, ही टोचणी निराळीच.

कोळिकोड, २०२०

मंगळूरनंतर काही पावले उचलली गेली. नागरी विमान वाहतूक सुरक्षा सल्लागार परिषद स्थापन झाली. तिचे एक सदस्य कॅप्टन मोहन रंगनाथन यांनी २०११ मध्येच कोळिकोडच्या टेबलटॉप धावपट्टीबद्दल लेखी इशारा दिला होता. पावसात, पाठीमागून वारा येत असताना १० क्रमांकाच्या दिशेने तेथे विमान उतरवणे जिवावर बेतू शकेल, असा त्याचा आशय होता.

७ ऑगस्ट २०२० रोजी संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास, करोनाकाळात अडकलेल्या भारतीयांना दुबईहून घेऊन आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचेच बोइंग ७३७-८०० कोळिकोडला उतरत होते. मुसळधार पाऊस होता. पहिला प्रयत्न मुख्य वैमानिकाने सोडून दिला, तोही योग्य रीतीने. दुसऱ्या प्रयत्नात त्याने १० क्रमांकाची दिशा स्वीकारली. वारा पाठीमागून होता. मुख्य वैमानिकाच्या बाजूचा काचेवरचा वायपर आधीच्या प्रयत्नात दगा देऊन चुकला होता. विमान धावपट्टीच्या आरंभापासून ४,४३८ फुटांवर, म्हणजे निम्मी धावपट्टी संपल्यावर टेकले, ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाने तिच्यापलीकडे गेले आणि ११० फूट खाली कोसळून त्याचे तीन तुकडे झाले. आग लागली नाही, म्हणून १९० पैकी १६९ जण वाचले. मृत २१ जणांत दोन्ही वैमानिक होते.

मुख्य वैमानिक दीपक साठे हे नागपूरच्या मराठी कुटुंबातील. हवाई दलातील विंग कमांडर राहिलेले, प्रशिक्षणात मानाची तलवार मिळवलेले. त्यांच्या निधनाने महाराष्ट्रात हळहळ व्यक्त झाली. परदेशी वैमानिकांमुळे मंगळूर घडले, असे म्हणणाऱ्यांना या दुर्घटनेने परस्परच उत्तर दिले. नागरिकत्व, पूर्वायुष्य, तासांचा अनुभव, सारे काही वेगळे होते. घटनाक्रम मात्र ओळखीचा होता.

२०२१ च्या सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाने संभाव्य कारण म्हणून प्रमाणित कार्यपद्धती न पाळणे आणि अस्थिर अवतरण चालू ठेवून टेकण्याच्या ठरलेल्या जागेपलीकडे उतरणे यांकडे बोट दाखवले. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण कोळिकोडहूनच करायचे असल्यामुळे मुख्य वैमानिकाला तेथेच उतरण्याची ओढ होती आणि तळावर पर्यायी मुख्य वैमानिकांची कमतरता होती, याचीही अहवालाने नोंद घेतली. म्हणजे वैमानिककक्षातील हट्टाची एक मुळी कंपनीच्या कामवाटपापर्यंत पोहोचत होती. अशाच स्वरूपाच्या घटना, विशेषतः याच कंपनीत, घडत राहिल्या असल्याने व्यवस्थेतील त्रुटींकडे दुर्लक्ष करता येणार नाही, असेही त्यात म्हटले आहे.

मंगळूरच्या मृतांच्या नातलगांचा नुकसानभरपाईसाठीचा लढा तोवर नुकताच एका टप्प्यावर आला होता. एका मृताच्या कुटुंबाला ७ कोटी ६४ लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो मे २०२० मध्ये, दुर्घटनेला दहा वर्षे पूर्ण होत असताना आणि कोळिकोडच्या अडीच महिने आधी.

कोळिकोडच्या अहवालात वैमानिककक्षातील ज्येष्ठ-कनिष्ठ यांच्या अधिकारांमधील तीव्र दरीचाही उल्लेख आहे. चाके टेकण्याच्या सुमारास तरुण सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ असे म्हटल्याचे ध्वनिमुद्रकावर आढळले. नियंत्रण मात्र त्याने हाती घेतले नव्हते.